उन्हाळ्यात व्हेरिकोज व्हेन्सचा त्रास: गोव्याच्या दमट हवेत दिवसाचा क्रम कसा लावावा

बहुतेकांच्या घरी सामान सगळं असतं. पायाला दाब देणारे घट्ट मोजे कपाटात असतात, पायाखाली घ्यायला उशी असते, डॉक्टरांचं 'पाय वर ठेवा' पाठ असतं. तरी एप्रिल लागला की संध्याकाळी पोटऱ्या ठणकतात, घोटे सुजतात आणि रात्री गोळे येतात. चुकते ती वेळ. मोजे चढतात अकरा वाजता, पाय वर जातात रात्री जेवल्यावर, आणि तोवर सूज मुक्कामाला आलेली असते. आलेली सूज उतरवणं जिकिरीचं, ती येऊ न देणं त्या मानाने सोपं. पुढचा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

उष्णतेत त्रास का वाढतो ते थोडक्यात. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीचे स्नायू शिरांना पिळतात म्हणून, आणि चढलेलं परत खाली येत नाही ते शिरांमधल्या झडपांमुळे. झडपा सैल झाल्या की रक्त खाली साचतं आणि शिरा फुगतात, त्याच व्हेरिकोज व्हेन्स. त्यात उन्हाळ्यात अंगातली गरमी बाहेर टाकण्यासाठी शरीर त्वचेजवळच्या शिरा रुंद करतं, म्हणजे आधीच न मिटणाऱ्या झडपांमधली फट आणखी वाढते. गोव्यात पारा ३३-३५ च्या आसपासच असतो, नागपूरचा माणूस ऐकून हसेल. पण इथला घाम वाळत नाही आणि रात्रही निवत नाही. म्हणून कोरड्या हवेतले उपाय इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ऑक्टोबरच्या उकाड्यातही हाच क्रम धरावा.

## टप्पा १: दुखणं शिरांचंच आहे ना, हे आधी पाहा

हा टप्पा गाळून थेट मोजे विकत घेणारे पुष्कळ. तसं करू नका, कारण काही पायांना घट्ट मोजे अपाय करतात.

व्हेरिकोजचं दुखणं ओळखायची साधी खूण अशी: उभं राहिलं की वाढतं, चाललं की थोडं हलकं वाटतं, पाय वर करून पडलं की बरं वाटतं. सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त. शिरा निळसर, वेड्यावाकड्या, फुगलेल्या दिसतात. घोट्याच्या आतल्या बाजूला खाज येते, जुनं दुखणं असेल तर तिथली कातडी काळपट होते.

याच्या नेमकं उलट चित्र असेल, म्हणजे चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की उतरते, पाऊल गार पडतं, पाय वर केला की दुखणं वाढतं, तर ती रक्तपुरवठा करणाऱ्या धमन्यांची तक्रार असू शकते. विडी-सिगारेट ओढणारे आणि जुना मधुमेह असलेले यांनी विशेष जपावं. अशा पायावर दाबाचे मोजे चढवले तर आधीच कमी असलेला रक्तपुरवठा आणखी तुटतो.

थांबा: दोन्ही पाय सारखेच सुजत असतील, सोबत धाप लागत असेल किंवा सकाळी चेहरा सुजलेला दिसत असेल, तर हृदय आणि मूत्रपिंडाची तपासणी आधी. ॲम्लोडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळीनेही घोटे सुजतात. तसा संशय आला तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. आणि पाय सुजला की 'हत्तीपाय झाला' म्हणून घाबरून बसू नका, तसंच तो हत्तीपाय नाहीच असंही घरी ठरवू नका.

शिरांची खरी तपासणी म्हणजे डॉप्लर. पोटाच्या सोनोग्राफीसारखीच ती असते, दुखत नाही, आणि शिरांसाठी बरीचशी उभं करून केली जाते. पहिल्यांदाच मोजे घेणार असाल, तर सर्जनच्या ओपीडीत एकदा दाखवून मगच घ्या.

## टप्पा २: मोज्यांचं माप सकाळीच घ्या

फार्मसीत जाऊन "एल साइज द्या" म्हणणं ही सर्रास होणारी चूक. मोजे शर्ट-पँटसारखे ठरावीक साइजने येत नाहीत. संध्याकाळी कामावरून घरी जाताना माप दिलंत तर ते सुजलेल्या पायाचं माप असतं. तो मोजा सकाळी ढिला बसेल आणि सूज अडवायचं कामच करणार नाही.

1. सकाळी उठल्याउठल्या, पलंगाच्या कडेला बसून शिवणकामाची टेप घ्या.
2. घोट्याच्या हाडाच्या किंचित वर, जिथे पाय सगळ्यात बारीक आहे, तिथला घेर मोजा. हे माप सगळ्यात महत्त्वाचं, कारण मोज्याचा सगळ्यात जास्त दाब इथेच असतो.
3. पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा.
4. टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची घ्या.
5. दोन्ही पाय वेगवेगळे मोजा. फरक निघाला तर तो दुकानदाराला सांगा.

दाबाचं म्हणाल, तर पाकिटावर 'क्लास' लिहिलेला असतो. जर्मन मानकाप्रमाणे क्लास १ म्हणजे १८ ते २१ मिलिमीटर पारा, क्लास २ म्हणजे २३ ते ३२. कुठला घ्यायचा ते डॉक्टर ठरवतील, पण उन्हाळ्याच्या दृष्टीने दोन गोष्टी त्यांना जरूर विचारा. गुडघ्यापर्यंतचा मोजा चालेल का? बहुतेकांना चालतो, आणि मांडीपर्यंतच्यापेक्षा तो इथल्या घामात कितीतरी सुसह्य. बोटं उघडी ठेवणारा चालेल का? चालत असेल तर तोच घ्या, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: रोज घातला जाणारा हलका मोजा हा खणात पडून राहिलेल्या कडक मोज्यापेक्षा भला.

जोड दोन घ्या. एक अंगावर, एक दोरीवर. मे महिन्यात रात्री धुतलेला जाड मोजा सकाळपर्यंत वाळेलच याची खात्री नसते, आणि ओलसर मोजा चढवला की घामोळं ठरलेलं.

## टप्पा ३: सकाळ, पाऊल जमिनीला लागण्याआधी

सगळ्या दिवसाचा निकाल इथे लागतो. रात्रभर आडवं पडल्याने सूज उतरलेली असते. उठून चहा ठेवला, अंगण झाडलं, केर काढला की अर्ध्या तासात ती परत भरू लागते. म्हणून मोजे उशाशी ठेवूनच झोपा.

घालायची रीत:

1. भांडी घासायचे रबरी हातमोजे हातात चढवा. हे नखरे नव्हेत, नखं लागून मोजा फाटत नाही आणि कापड तळहाताने सरकवता येतं.
2. मोज्यात हात घाला, आतून टाच चिमटीत धरा आणि टाचेपर्यंतचा भाग उलटा करून बाहेर काढा. आता पावलाचा भाग आत खिशासारखा राहील.
3. त्या खिशात पाऊल घाला. बोटं उघडी असलेला मोजा असेल तर आधी पावलावर दुधाची रिकामी, कोरडी पिशवी चढवा, मोजा घसरत वर जातो. घालून झाला की पिशवी बोटांकडून ओढून काढा.
4. टाच टाचेच्या जागी नीट बसवा. ती वाकडी बसली तर पुढचं सगळं वाकडं.
5. उरलेला भाग थोडा थोडा वर सरकवा. वरची किनार धरून खेचायचं नाही. खेचलं की वर कापड गोळा होतं आणि घोट्याला कमी पडतं.
6. वरची कड गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खाली थांबवा. घडीवर गेली तर दिवसभर टोचेल.
7. तळहाताने सगळ्या सुरकुत्या सपाट करा.

तपासा: पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी किंवा पांढरी पडली, मुंग्या आल्या, बधिर वाटलं, तर मोजा ताबडतोब काढा.

कधीच करू नका: मोजा लांब झाला म्हणून वरून दुमडणं. दुमडलेल्या जागी दाब दुप्पट होतो आणि पोटरीला करकचून दोरी बांधल्यासारखं होतं. रक्त वर जायच्या ऐवजी तिथेच अडतं. संध्याकाळी मोजा काढल्यावर गुडघ्याखाली खोल वळ दिसत असेल, तर मोजा दुमडला गेला आहे किंवा माप चुकलं आहे.

आता आंघोळीचा प्रश्न. आपल्याकडे सकाळी आंघोळ करून देवपूजा, त्यामुळे 'उठल्याबरोबर मोजे' हे कित्येकांना जमत नाही. यातून दोन वाटा आहेत. पहिली, आंघोळ रात्री करा आणि सकाळी नुसते हातपाय-तोंड धुऊन पूजा करा. दुसरी, सकाळची आंघोळ झाली की पाय बेचक्यांसकट कोरडे करून पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं पाय वर घेऊन पडा आणि मग मोजे चढवा. आंघोळीचं पाणी कोमटच हवं. भाणातलं, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्यातलं, कढत पाणी पायांवर ओतून घ्यायची सवय उन्हाळ्यात तरी सोडा, आणि शेवटचे दोन-तीन तांबे गुडघ्याखाली विहिरीच्या गार पाण्याचे घ्या.

तेल, मलम किंवा क्रीम सकाळी लावू नका. मोजा सरकतो आणि त्याचं लवचीक कापड खराब होतं. तो कार्यक्रम रात्रीचा.

## टप्पा ४: दिवसभर पोटरी चालती ठेवा

मोजा म्हणजे अर्धंच काम. उरलेलं अर्धं पोटरीच्या स्नायूंनी करायचं असतं, आणि ते चालल्याशिवाय किंवा टाचा हलवल्याशिवाय होत नाही.

चालायला सकाळी आठच्या आत किंवा उन्हं कलल्यावर जा. अर्धा तास पुरे. मिरामारला किंवा दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर जात असाल तर ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. दुपारच्या तापलेल्या वाळूत पाय खुपसून बसणं म्हणजे शिरांना शेक देणं. गुडघाभर ते कमरेएवढ्या शांत पाण्यात चालणं मात्र उत्तम, पाण्याचा दाब बाहेरून मोज्याचंच काम करतो. अटी दोन: पायावर जखम किंवा व्रण नसावा, कारण कोमट समुद्राच्या पाण्यातले जंतू उघड्या जखमेतून आत शिरून गंभीर आजार करू शकतात. आणि जीवरक्षक असतील तिथेच, पावसाळ्याआधीच. जूनपासून समुद्राच्या वाटेला जाऊ नका.

ज्यांचं काम उभ्याचं, म्हणजे हॉटेलच्या स्वयंपाकघरातले, मासळी बाजारात विकायला बसणाऱ्या-उठणाऱ्या, शिक्षक, कदंब बसचे कंडक्टर, दुकानदार, त्यांनी हे करावं:

- दर अर्ध्या-पाऊण तासाने टाचा उचलून चवड्यांवर उभं राहा आणि खाली या, असं पंधरा-वीस वेळा. कठडा किंवा टेबल धरलं तरी चालेल.
- एका जागी खिळून उभं राहायचंच असेल तर एक पाय आळीपाळीने पाटावर किंवा खोक्यावर ठेवा.
- बसायला मिळालं की पायावर पाय टाकू नका. पाऊल पुढे-मागे वीस वेळा हलवा.

बैठ्या कामाचे लोक मात्र स्वतःला सुरक्षित समजतात आणि तिथेच फसतात. खुर्चीत चार तास लोंबकळलेले पायही तितकेच सुजतात.

उकाडा असह्य झाला तर मोजा काढायच्या आधी हे करून पाहा: स्प्रेच्या बाटलीने मोज्यावरूनच गार पाण्याचा फवारा मारा आणि पंख्यासमोर बसा. पंखा हवाच, इथल्या हवेत नुसतं ओलं कापड गार होत नाही, नुसतं चिकट होतं. मात्र पूर्ण भिजवू नका. बर्फ थेट कातडीवर नको, पंच्यात गुंडाळून दहा मिनिटं पुरे. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी बर्फाच्या वाटेला जाऊच नये.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. मीठ कमी, म्हणजे दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. गोव्यात हे कठीण जातं ते ताटाच्या कडेच्या वस्तूंमुळे: खारवलेला बांगडा, सुंगटांची (सुक्या कोळंबीची) किसमूर, तोराचं (कैरीचं) लोणचं, पापड. पेजेबरोबर यातलं एकच घ्या. पाणी लघवी फिकट राहील इतकं प्या, पण हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं प्रमाण मोडू नये. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथताना पोटातला दाब वाढतो आणि तो थेट पायांच्या शिरांवर येतो.

## टप्पा ५: दुपारी पाय वर, पण खरोखर वर

सोप्यावर बसून पाय समोरच्या स्टुलावर ठेवले म्हणजे 'पाय वर' झाले असं समजतात. नाही झाले. पावलं छातीच्या पातळीच्या वर जायला हवीत, म्हणजे आडवंच पडावं लागतं.

पाठीवर झोपा. उशी पोटरीच्या पूर्ण लांबीखाली द्या, गुडघा किंचित वाकलेला राहू द्या. नुसत्या गुडघ्याखाली उशी ठेवली की तिथली शीर दाबली जाते, नुसत्या टाचेखाली ठेवली की गुडघा ताणतो. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन वेळा. मोजे घातलेलेच राहू द्या. दुपारच्या जेवणानंतरची वेळ सोयीची, तसंही आपल्याकडे त्या वेळी सगळं बंदच असतं.

थांबा: पाय वर केल्यावर धाप लागत असेल किंवा पाऊल पांढरं पडून दुखत असेल, तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. टप्पा १ पुन्हा वाचा आणि डॉक्टरांकडे जा.

## टप्पा ६: रात्र

आधी पाय वर घेऊन पडा, मग मोजे काढा. बसून किंवा उभ्याने काढले की रक्त लगेच खाली भरतं. काढल्यावर पाय उजेडात नीट पाहा: नवी लाली, खाजवल्याचा ओरखडा, घोट्याजवळ पाणी सुटलेली जागा. गार पाण्याने धुवा, कोरडे करा आणि मगच खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर हलक्या हाताने खालून वर लावा. फुगलेल्या शिरांवर गरम तेलाचं जोरकस मालीश नको, किनारी भागात कितीही सवलतीत मिळत असलं तरी.

मोजे कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत वाळत घाला. उन्हात किंवा इस्त्रीखाली त्यांचा ताण जातो. रोज वापरलेला जोड साधारण सहा महिन्यांत ढिला पडतो. घालायला अचानक सोपा वाटू लागला, तर खूश होऊ नका, नवा घ्यायची वेळ झाली आहे.

पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन खुरांखाली विटा ठेवून तो १०-१५ सेंटिमीटर उंच करा. अंगणात पडलेला चिरा (जांभा दगड) उचलून आणू नका, तो जास्तच उंच होतो आणि माणूस रात्रभर उशीकडे घसरत राहतो.

## टप्पा ७: ज्या दिवशी क्रम मोडणारच

पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस. मे महिन्यात गच्चीवर पापड, सांडगे, आमसुलं. यात सगळं वाईट एकत्र येतं: मांडी घालून किंवा उकिडवं तासन् तास बसणं, खालून तापलेली फरशी आणि वरून ऊन. लाटायचं काम सावलीत टेबलावर घ्या. वाळत घालायला जाताना सकाळी लवकर जा, आणि उलटायचं काम घरातल्या धडधाकट पायांवर सोपवा.

काजूच्या बागेत. सत्तरी-डिचोलीकडे काजू गोळा करताना वाळक्या पाल्यातून काटेकुटे लागतात. फुगलेल्या शिरेला लहानसा ओरखडाही भळाभळा वाहतो. मोज्यावर सैल सुती पँट घाला.

जत्रा आणि लग्नं. रांगेत अनवाणी उभं राहायचं असेल तर बोटं उघडी असलेला मोजा घालून उभं राहता येतं. जागच्या जागी टाचा उचलत राहा. घरी आल्यावर आधी पाय वर, मग जेवण.

मुंबई-पुण्याची रात्रीची बस. मोजे घालून बसा, वाटेकडची सीट घ्या, दर थांब्यावर उतरून पाच मिनिटं चाला. स्लीपर असेल तर जागेपणी पावलं हलवत राहा. पूर्वी पायात रक्ताची गाठ झालेली असेल, तर प्रवासाआधी डॉक्टरांशी बोला.

## टप्पा ८: घरगुती उपाय कुठे थांबवायचे

एकाच पायाला अचानक सूज, पोटरी कडक, गरम आणि दुखरी: खोल शिरेत गाठ झाल्याची शंका घ्या. मालीश नको, शेक नको, 'सकाळी बघू' नको, त्याच दिवशी रुग्णालय. त्यासोबत छातीत दुखलं किंवा दम लागला तर १०८ ला फोन.

शीर फुटून रक्त वाहू लागलं तर माणूस घाबरून उभा राहतो आणि तिथेच चुकतं. उभं राहिलं की धार वाढते. लगेच आडवं पडा, पाय वर करा, स्वच्छ कापडाची घडी जखमेवर बोटांनी घट्ट दाबा आणि दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून ठेवा. मध्ये उचलून पाहायचं नाही. वर दोरी किंवा रुमाल आवळून बांधू नका. थांबत नसेल तर १०८. थांबलं तरी डॉक्टरांना दाखवा, तीच शीर पुन्हा फुटू शकते.

शिरेच्या रेषेत लाल, दोरीसारखा दुखरा कडकपणा आला किंवा घोट्याजवळ जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तरी दाखवायलाच हवं. त्या जखमेवर हळद, चुना, झाडपाल्याचा लगदा लावून दिवस घालवू नका.

लेझर, रेडिओफ्रिक्वेन्सी, फोमचं इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया यांतलं काही सुचवलं गेलं, तर डॉप्लरचा अहवाल, चालू गोळ्यांची यादी आणि संध्याकाळी काढलेले सुजलेल्या पायांचे फोटो बरोबर न्या. सकाळच्या ओपीडीत पाय शहाण्यासारखे दिसतात. उपचारानंतर काही दिवस सहसा मोजे घालून राहावं लागतं, तेव्हा व्रण किंवा रक्तस्राव नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर तारीख नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली मागा. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात दाखवणार असाल, तर दाखवायलाही थंडीची वाट पाहत बसू नका. केसपेपर आत्ताच काढून ठेवा.